सोयाबीन व्यापाऱ्याकडे ‘ठेवलं’ की ‘विकलं’? चिठ्ठीवरच्या एका शब्दानं ठरतं सगळं

सोयाबीनचा २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्याच्या आदल्या हंगामात तो ४,८९२ होता. दोन्ही वर्षी ऐन सुगीत बाजार समित्यांमधले सौदे या आकड्यांच्या बरेच खाली झाले. मग ज्याला थांबणं परवडतं तो थांबतो. पण घरात पोती रचायला जागा नाही, पत्र्याच्या खोलीत ओल लागते, उंदीर आहेतच. अशा वेळी माल ओळखीच्या व्यापाऱ्याच्या गोडाऊनला टाकायचा, वजनाची चिठ्ठी खिशात ठेवायची आणि ‘भाव नंतर बघू’ म्हणून घरी यायचं, ही पद्धत तालुक्यातालुक्यात आहे. बहुतेक वेळा ती सुरळीत पारही पडते. व्यापारी बसला, दुकानाला कुलूप लागलं किंवा गोडाऊनला आग लागली, की मात्र त्या चिठ्ठीचा अर्थ काय, हा प्रश्न उभा राहतो. आणि तो अर्थ बऱ्याचदा शेतकऱ्यानं धरून चाललेला नसतो.

दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे ठेवणाऱ्यावर काय जबाबदारी येते, याचा कायदा नवा नाही. भारतीय करार कायदा १८७२ चा. त्याची कलमं १४८ ते १८१ याच विषयावर आहेत. वकील याला ‘बेलमेंट’ म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर, एखाद्या कामासाठी वस्तू दुसऱ्याच्या ताब्यात द्यायची आणि काम झालं की तीच वस्तू परत घ्यायची, किंवा आपण सांगू तशी तिची विल्हेवाट लावून घ्यायची. ताबा त्याचा, मालकी आपली. गोडाऊनमधलं धान्य, सराफाकडे गहाण ठेवलेली पोत, वायंडिंगला टाकलेली मोटर, शेजाऱ्यानं मागून नेलेलं फवारणी यंत्र, हे सगळं यातच मोडतं. त्यासाठी स्टॅम्पपेपर लागतोच असं नाही. वस्तू हातात दिली आणि घेणाऱ्यानं घेतली, की जबाबदारी सुरू झाली.

‘तेवढंच सोयाबीन’ आणि ‘तेच सोयाबीन’

आता मूळ मुद्दा. व्यापाऱ्यानं आपली पोती वेगळी थप्पी लावून ठेवली, वर आपलं नाव टाकलं आणि मागू तेव्हा तीच पोती द्यायची ठरली, तर तो माल आपला. व्यापाऱ्याच्या कर्जापोटी बँकेनं गोडाऊन सील केलं तरी ‘यातली ही थप्पी माझी’ असं म्हणायला कायद्यात जागा आहे. पण प्रत्यक्षात होतं काय? पोती फोडून माल ढिगात ओतला जातो. व्यापारी तो पुढच्या आठवड्यात प्लांटला पाठवतो. शेतकऱ्याला नंतर मिळायचे असतात ते पैसे, त्या दिवशीच्या भावानं. असं असेल तर न्यायालय त्याला ठेव म्हणण्याची शक्यता कमी. ती विक्री ठरते, फक्त भाव लांबणीवर टाकलेली.

या प्रश्नाचा निकाल लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं १८६९ मध्येच दिला होता. दक्षिण ऑस्ट्रेलियातले शेतकरी पिठाच्या गिरणीवाल्याकडे गहू आणून टाकत. गिरणीवाला तो सगळ्यांच्या गव्हात मिसळे, दळे, विके. शेतकऱ्याला वाटेल तेव्हा तितकाच गहू किंवा त्या दिवसाचा भाव मागता येत असे. गिरणीला आग लागली तेव्हा विमा कंपनी म्हणाली, हा गहू गिरणीवाल्याचा नाहीच, लोकांनी ठेवलेला आहे. कौन्सिलनं सांगितलं, तोच गहू परत द्यायचा नव्हता, म्हणजे ही ठेव नाही, विक्री झाली आणि गहू गिरणीवाल्याचाच. गव्हाच्या जागी सोयाबीन घातलं तर आपल्याकडचाच व्यवहार वाटावा.

विक्री ठरल्यानं शेतकऱ्याचं काय बिघडतं? भाव पडला किंवा व्यापारी पळाला, की तो मालाचा मालक राहत नाही, पैसे येणं असलेला एक घेणेकरी होतो. बँक, जीएसटी, दुसरे व्यापारी आणि पन्नास शेतकरी यांच्या रांगेत त्याचाही नंबर. उलट आग लागली तर विक्री त्याच्या बाजूची ठरते, कारण जळालेला माल व्यापाऱ्याचा, शेतकऱ्याचे पैसे उभेच. म्हणजे चिठ्ठीवर काय लिहिलंय याला दोन्ही बाजूंनी किंमत आहे. आणि नेमकं त्या चिठ्ठीवर बहुधा नाव, पोत्यांची संख्या आणि वजन यापलीकडे काहीच नसतं. तारीख असली तरी नशीब.

‘ठेवीसाठी, विक्री नाही’, पोती किती, प्रत आणि ओलावा किती, भाडं किती, परत कधी, आणि खाली सही-शिक्का. एवढं लिहून मागायला लाज वाटायचं कारण नाही. जो व्यापारी एवढं लिहून द्यायला कांकू करतो, त्याच्याकडे माल ठेवावा का, हा विचार तिथंच गोडाऊनच्या दारात करावा.

मिसळण्याबद्दल करार कायद्यात कापसाचंच उदाहरण दिलेलं आहे. विशिष्ट खुणेच्या शंभर गाठी ठेवायला दिल्या आणि ठेवणाऱ्यानं न विचारता त्या आपल्या वेगळ्या खुणेच्या गाठींत मिसळल्या, तर शंभरच्या शंभर परत द्यायच्या आणि वेगळ्या काढायचा खर्चही त्यानंच सोसायचा. आणि माल वेगळा काढताच येत नसेल, म्हणजे चांगला माल हलक्यात मिसळला असेल, तर नुकसान भरून द्यायचं. शेतकऱ्याचं दहा टक्के ओलाव्याचं सोयाबीन दुसऱ्याच्या काळ्या पडलेल्या मालात गेलं, तर हेच कलम, १५७, लागू पडतं. अट एकच, माल ‘ठेवलेला’ असला पाहिजे.

ज्याला खरोखर थांबायचंय त्याच्यासाठी रस्ता आहे. पणन मंडळाची शेतमाल तारण योजना १९९०-९१ पासून चालू आहे. बाजार समितीच्या गोडाऊनला माल ठेवला, की त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज सहा टक्के व्याजानं १८० दिवसांसाठी मिळतं. राज्य वखार महामंडळाची गोदामंही आहेत. वखार विकास व नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेलं गोदाम असेल, तर इलेक्ट्रॉनिक वखार पावती मिळते आणि त्या पावतीवर बँक कर्ज देते. तिथं मालाची प्रत, वजन, विमा सगळं नोंदलेलं असतं. अडचण अशी, की हे गोदाम जवळ असायला हवं आणि त्यात जागाही असायला हवी. ती नसते, म्हणूनच लोक ओळखीच्या दारात जातात. दोष फक्त शेतकऱ्याच्या भाबडेपणाला देऊन भागत नाही.

‘मालकाच्या जबाबदारीवर’ची पाटी

ठेवणाऱ्यानं काळजी किती घ्यायची? कलम १५१ चं माप साधं आहे. साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची जेवढी काळजी घेतो, तेवढी. भाडं घेतलं असो वा फुकट ठेवलं असो, माप तेच. एवढी काळजी घेऊनही वस्तू गेली तर ठेवणारा जबाबदार नाही. वीज पडून गोडाऊन जळालं, तर व्यापाऱ्याला धरता येत नाही. वायरिंग वर्षभर लोंबकळत होतं आणि त्यातून ठिणगी पडली, तर धरता येतं.

आणि काळजी घेतली होती हे सिद्ध कोणी करायचं? ज्याच्या ताब्यात वस्तू होती त्यानं. मालकानं एवढंच दाखवायचं, की वस्तू दिली होती आणि परत मिळाली नाही. याच मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा एक निकाल आहे. १९९८ मध्ये दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात एका पाहुण्यानं आपली मारुती झेन लावायला हॉटेलच्या माणसाकडे चावीसकट दिली. गाडी चोरीला गेली. हॉटेलनं पार्किंगची चिठ्ठी पुढे केली, तिच्यावर छापलं होतं की गाडी पाहुण्याच्या जबाबदारीवर. न्यायालयानं ते मानलं नाही. चावी घेतली, ताबा घेतला, तर स्वतःच्या निष्काळजीपणातून अशा छापील ओळीच्या आड सुटता येणार नाही, असं सांगितलं.

हा निकाल हॉटेलचा असला तरी त्यातला तर्क यात्रेतल्या पार्किंगवाल्यापासून गॅरेजपर्यंत सगळ्यांनी लक्षात घेण्यासारखा आहे. मात्र एक भेद आहे. चावी आपल्याच खिशात आणि नुसती जागा वापरायचे दहा रुपये दिले, तर ताबा दिला असं म्हणणं अवघड. चावी किंवा वस्तू हातात दिली की गोष्ट बदलते.

मोटर, ट्रॅक्टर आणि शेळी

वायंडिंगला टाकलेली मोटर दुकानदार अडवून ठेवू शकतो का? कलम १७० प्रमाणे, ज्यानं वस्तूवर मेहनत किंवा कसब खर्च केलं, त्याला त्या कामाची मजुरी मिळेपर्यंत वस्तू धरून ठेवता येते. पण फक्त त्याच कामाची. ‘मागच्या उन्हाळ्याचे बाराशे बाकी आहेत, ते दे आणि मोटर ने’, असं म्हणायचा हक्क त्याला या कलमानं मिळत नाही. आणि ‘पैसे सुगीवर दे’ अशी उधारी आधीच ठरली असेल, तर मोटर अडवताच येत नाही. वसुली वेगळी, अडवणूक वेगळी.

ट्रॅक्टर किंवा मोटरसायकल मागून नेणाऱ्यांसाठी कलम १५४ कडक आहे. ठरल्यापेक्षा वेगळ्या कामाला किंवा वेगळ्या माणसाच्या हाती वस्तू दिली आणि नुकसान झालं, तर काळजी घेतली होती ही सबब चालत नाही. कायद्यातलं उदाहरण घोड्याचं आहे. स्वतः बसायला म्हणून घोडा नेला, घरच्या माणसाला बसवलं, तो नीट चालवत होता, तरी घोडा पडून जखमी झाला, तर भरपाई नेणाऱ्यानंच द्यायची. घोड्याच्या जागी आज मेव्हण्यानं चालवलेला ट्रॅक्टर. शिवाय मुदत उलटून गेल्यावरही वस्तू परत केली नाही, तर त्यानंतर झालेलं नुकसान ठेवणाऱ्याच्या अंगावर, चूक त्याची असो वा नसो.

देणाऱ्यालाही मोकळीक नाही. यंत्रात दोष आहे हे ठाऊक असून सांगितलं नाही, आणि नेणाऱ्याला इजा झाली, तर जबाबदारी देणाऱ्याची. भाड्यानं यंत्र देणाऱ्याला तर दोष ठाऊक नव्हता असंही म्हणता येत नाही. मळणी यंत्राचं तुटकं कव्हर माहीत असून भाड्यावर पाठवणाऱ्यांनी हे वाचलेलं बरं.

जनावरांचं उदाहरण तर कायद्यानं स्वतःच दिलंय. गाय सांभाळायला दिली, तिला वासरू झालं, तर गाईबरोबर वासरूही परत. कलम १६३. पण ‘दुसरं काही ठरलं नसेल तर’ अशी अट आहे. गावाकडे शेळी अर्धलीनं देतात, पहिली करडं याची, पुढची त्याची, असं तोंडी ठरलेलं असतं. तो ठराव कायद्याला मान्य आहे, भानगड फक्त पुराव्याची. भांडण झालं आणि तोंडी ठरावाला साक्षीदार नसला, तर कायदा मूळ नियमावर येतो आणि सगळी करडं मालकाची होतात. सांभाळणाऱ्याला मिळतो तो फार तर चाऱ्या-औषधाचा खर्च. व्हॉट्सॲपवर एक मेसेज आणि त्याला आलेलं ‘हो’ एवढंही कामाला येतं.

सोनं : बँक, पतसंस्था, सावकार आणि सासर

गावात सगळ्यात जास्त मौल्यवान वस्तू दुसऱ्याच्या तिजोरीत जाते ती सोनं. सोनेतारण कर्जावर रिझर्व्ह बँकेनं ६ जून २०२५ ला नवे नियम काढले आणि ते लागू करायला बँका व फायनान्स कंपन्यांना १ एप्रिल २०२६ पर्यंतची मुदत दिली. त्यातल्या काही गोष्टी तोंडपाठ असाव्यात अशा आहेत. सोनं कर्जदाराच्या समोर तपासायचं, घट धरली तर तिचा तपशील लिहून द्यायचा. कर्ज पूर्ण फिटलं की दागिने त्याच दिवशी, आणि फार तर सात कामाच्या दिवसांत परत. बँकेच्या चुकीनं उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई. लिलावात कर्ज फिटून वर उरलेले पैसेही कर्जदाराचेच, ते सात कामाच्या दिवसांत द्यायचे. वाचता न येणाऱ्या कर्जदाराला अटी समजावून सांगताना बँकेचा नोकर नसलेला साक्षीदार हवा.

हे नियम सहकारी बँकांनाही आहेत. पतसंस्थांना नाहीत, कारण पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या नव्हे, सहकार खात्याच्या अखत्यारीत येतात. पाटीवर ‘पतसंस्था’ आहे की ‘बँक’, हे बघूनच सोनं ठेवावं. सावकाराचा विषय आणखी वेगळा. राज्याचा सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे, परवाना लागतो, पावती द्यावी लागते आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकाकडे होते. पण करार कायद्याचं मूळ तिथंही सुटत नाही. गहाण म्हणजे विक्री नव्हे. रास्त नोटीस दिल्याशिवाय गहाण वस्तू विकता येत नाही आणि विकून जास्तीचे पैसे आले तर ते परत करावे लागतात. ‘तारीख गेली, सोनं बुडालं’ हे वाक्य बोलायला सोपं, कायद्यात त्याला आधार नाही.

बँकेचं लॉकर मात्र गहाण नाही. त्याबाबत सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या निकालानंतर रिझर्व्ह बँकेनं नियम बदलले. आग, चोरी, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यामुळे लॉकरमधला ऐवज गेला, तर बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभर पटीपर्यंत. दोन हजार भाडं असेल तर दोन लाख. लॉकरमध्ये आठ लाखांचं सोनं ठेवणाऱ्यानं हा हिशोब करून बघावा.

सोन्याची एक ठेव अशी आहे की जिची पावती कधीच कोणी मागत नाही. लग्नानंतर सुनेचे दागिने ‘कपाटात राहू दे’ म्हणून सासूकडे जातात. ते स्त्रीधन आहे आणि सांभाळायला दिल्यानं मालकी बदलत नाही. सर्वोच्च न्यायालयानं १९८५ मध्येच सांगितलं, की नवरा किंवा सासरचे ते केवळ विश्वासानं सांभाळतात आणि मागितल्यावर दिले नाहीत तर तो फौजदारी विश्वासघात ठरू शकतो. २०२४ मध्येही त्याच न्यायालयानं नवऱ्याचा बायकोच्या स्त्रीधनावर हक्क नाही असं म्हणत एका महिलेला २५ लाख रुपये द्यायला लावले. लग्नातले फोटो, सराफाची बिलं, ही या ठेवीची पावती. ती माहेरी एका पिशवीत जपून ठेवण्यात कोणाचा अपमान होत नाही.

सापडलेली वस्तू, जप्त झालेली गाडी

रस्त्यात मोबाइल सापडला, कोणी दिलेला नाही, मग जबाबदारी कसली? कलम ७१ म्हणतं, सापडलेली वस्तू उचलून ठेवली की तीच जबाबदारी. मालक शोधायचा प्रयत्न न करता वापरायला घेतली, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१४ खाली गुन्हा, शिक्षा किमान सहा महिने. हरवलेला फोन आता संचार साथी पोर्टलवरून ब्लॉक होतो, नवं सिम घातलं की माग लागतो. ‘सापडला होता’ एवढं सांगून सुटका होईलच असं नाही.

पोलीस ठाण्याच्या आवारात गवतात बुडालेल्या जप्त मोटरसायकली सगळ्यांनी पाहिल्यात. सरकारलाही हाच नियम आहे. गुजरातमधल्या जप्त ट्रकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं १९६७ मध्ये सांगितलं, की जप्त वस्तू नीट सांभाळायची जबाबदारी शासनावर आहे. २००२ मध्ये तर बजावलं, की वाहनं ठाण्यात सडू देऊ नयेत, फोटो-पंचनामा करून हमीपत्रावर मालकाला लवकर सोडावीत. गाडी आपोआप सुटत नाही, न्यायालयात अर्ज करावा लागतो. बरेच जण तो अर्जच करत नाहीत.

परत देत नसेल तर

पोलीस बऱ्याचदा ‘हा दिवाणी वाद आहे’ म्हणून परत पाठवतात. काही वेळा ते बरोबरही असतं, पैशाच्या येण्यासाठी फौजदारी होत नाही. पण ठेवलेला माल बेइमानीनं विकून टाकला असेल, तर न्याय संहितेच्या कलम ३१६ खाली पाच वर्षांपर्यंत, आणि तो वखारवाला किंवा वाहतूकदार असेल तर सात वर्षांपर्यंत कैद आहे. इथंही पहिला प्रश्न तोच, माल ठेवला होता की विकला होता. विकलेल्या मालाच्या पैशासाठी, व्यापारी परवानाधारक असेल तर, बाजार समितीत तक्रार करता येते. भाडं किंवा मजुरी देऊन सेवा घेतली असेल तर जिल्हा ग्राहक आयोग, तिथं दोन वर्षांची मुदत. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. फुकट ठेवलेल्या वस्तूचा वाद आयोगात चालत नाही, त्यासाठी दिवाणी न्यायालय.

ठेवलेली किंवा गहाण वस्तू परत मिळवायच्या दाव्याची मुदत तीन वर्षं आहे. ती वस्तू दिली त्या दिवसापासून मोजत नाहीत, मागितल्यावर समोरच्यानं नकार दिला त्या दिवसापासून मोजतात. म्हणून मागणी तोंडी करून उपयोग नाही. पोहोचल्याचा पुरावा मिळेल अशा टपालानं एक साधं पत्र, काय ठेवलं, केव्हा ठेवलं, किती दिवसांत परत हवं. त्याची एक प्रत चिठ्ठीबरोबर घरी जपून ठेवायची आणि दोन्हींचा फोटो मोबाइलमध्ये.